नजमाबी आणि तेल प्यायलेली लेन्स

काकासाहेब दांडगे उभ्या आयुष्यात जे काही खोटं बोलले ते बहुतेक बायकोशीच, अन् दर वेळी पकडले गेले. तरी माणूस सुधारतो थोडाच! त्या गुरुवारी सकाळी ते गारखेड्याहून उस्मानपुऱ्याला निघाले, तेव्हा टॉवेलात गुंडाळलेली लेन्स मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या बसल्या एक नवं खोटं घोकत होते. "आपोआप बंद पडली. आपण हातसुद्धा लावला नाय."

लेन्स साधीसुधी नव्हती. वीतभर लांब, दीड किलोची, लांबचं जवळ आणणारी, अन् अंधाऱ्या हॉलमध्येही भरपूर उजेड आत घेणारी. काकासाहेबांच्या चाळीस वर्षांच्या स्टुडिओत एवढी एकच वस्तू अशी होती, की जिच्यासाठी ते बायकोचा, म्हणजे दगडाबाईंचा, ओरडा आनंदानं खात आले होते. अन् नेमकी तीच बुधवारी गप्प झाली. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की पूर्वी समोरचा माणूस डोळ्याचं पातं लवायच्या आत स्वच्छ दिसायचा. आता बटण दाबा, दाबून धरा, वरून देवाचं नाव घ्या, लेन्स जागची हलेना.

आणि रविवारी होती खो-खोची फायनल. संस्कृती, काकासाहेबांची नात, सतरा वर्षांची, त्या वयोगटातला तिचा हा शेवटचा सामना. जूनमध्ये ती पुण्याला शिकायला जाणार होती. काकासाहेबांनी गारखेड्यातल्या दोन पिढ्यांच्या लेकरांचे फोटो काढले, शाळांचे काढले, तालमींचे काढले. पण संस्कृतीचा खेळतानाचा एकही फोटो त्यांना धड साधला नव्हता. पोरगी इतकी चपळ की प्रत्येक फोटोत नुसता एक पिवळा पट्टा. "आबा," ती म्हणायची, "जगाच्या पोरी फोटोत पोरी दिसत्यात, अन् घरचीच तेवढी भूत दिसती." हसून म्हणायची, पण काकासाहेबांना ते लागायचं. रविवारी एक तरी फोटो काढीन असं ते तिला बोलून बसले होते. रविवार गेला की संपलं.

म्हणून नजमाबी.

उस्मानपुऱ्यात चष्म्याच्या दुकानाला खेटून एक अरुंद गाळा आहे. पाटी अजून घड्याळांचीच, कारण ती नजमाबीच्या अब्बांनी रंगवून घेतलेली, अन् ती पुसायला तिचा जीव होत नाही. आत एक उंच स्टूल, एक वाकत्या मानेचा दिवा, अन् भिंतीवर डब्यांची रांग. पोळ्यांचे डबे, लोणच्याच्या बरण्या, पेढ्यांची खोकी, अन् प्रत्येकात कुठल्या ना कुठल्या लेन्सचं पोट. नजमाबी पन्नाशीला टेकलेली बाई, डोक्यावर ओढणी, एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग. ते भिंग तिच्या डोळ्याच्या खोबणीत असं बसतं, की ती त्याच्यासकट गिऱ्हाईकाशी बोलते, चहा पिते, नवऱ्याला फोनवर रागावते, पण ते पडत नाही.

अब्बा घड्याळजी होते. भाऊ नव्हता, म्हणून पोरीला शिकवलं असं लोक म्हणतात. खरं तसं नाही. अब्बांनी मोहल्ल्यातली चार पोरंही बसवून पाहिली होती. चौघांनी स्क्रू सांडले. नजमानं नाही सांडला. एवढ्यावर निवड झाली. मग मोबाइल आले, लोकांनी मनगटं मोकळी सोडली, अन् अब्बा दिवसभर स्वतःचीच घड्याळं खोलून जोडत बसायला लागले. तेव्हा जालन्याचा एक स्टुडिओवाला अडकलेली लेन्स घेऊन आला. "घड्याळात चाकं, ह्यातबी चाकं. बघा जमलं तर." अब्बांची नजर गेलेली, म्हणून ती लेन्स नजमाच्या पुढ्यात आली. तिथून जे सुरू झालं ते आजवर थांबलेलं नाही. आता बीड, परभणी, बुलढाण्याहून माणसं येतात. मोठ्या शहरातल्या दुकानांनी "नवी घ्या" म्हणून परत पाठवलेली लेन्स इथं जिवंत झालेली काकासाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

पण तिची एक पद्धत होती, अन् काकासाहेबांचं सगळं भय त्या पद्धतीचं होतं. नजमाबी आधी हकिकत ऐकायची. लेन्स कुठून घेतली, कुठं पडली, कोणी खोलली, सगळं. गिऱ्हाईक खरं बोलेपर्यंत स्क्रूला हात लावायची नाही. एका फौजदारालासुद्धा तिनं दोन तास बाकावर बसवून ठेवलं होतं म्हणतात. शेवटी साहेबानं कबूल केलं की लेकरानं लेन्स पाण्याच्या पिंपात टाकली होती.

"या काका," नजमाबी म्हणाली. "लई दिवसानं. दगडाकाकू बऱ्या हायेत?"

"बऱ्या हायेत. बोलत्यात म्हंजे बऱ्याच हायेत." काकासाहेबांनी टॉवेल सोडला. "नजमाबी, ही बघा. आपोआप बंद पडली. हातसुद्धा लावला नाय."

नजमाबीनं लेन्स हातात घेतली. आधी कानाशी धरली अन् हळूच तिरपी केली. हे ती नेहमी करते. आवाजावरून तिला कळतं की आत कुठल्या जातीची मोटर आहे. मग तिनं ती दिव्याकडे करून समोरून आत पाहिलं. बरंच पाहिलं.

"आपोआप," ती म्हणाली.

"आपोआप."

"बंद पडायच्या आधी काय करत होती?"

"जराशी अडखळायची. कधी चालायची, कधी नाय. बारीक किरकिर करायची."

"मग?"

"मग काय? मग बंद."

नजमाबीनं लेन्स टॉवेलावर ठेवली, टॉवेलाची घडी तिच्यावर घातली अन् चहा सांगितला. काकासाहेबांना तो फौजदार आठवला. तेवढ्यात दुकानात एक जण तावातावानं शिरला. गळ्यात नवा कोरा कॅमेरा, हातात नवी कोरी लेन्स. नाव अप्पाराव, धंदा लग्नाचे व्हिडिओ.

"बाई, फसवलं मला! चार दिवसांची लेन्स, अन् आत खुळखुळा वाजतोय बघा!" त्यानं लेन्स कानाशी नेऊन हलवली. खरंच, आत काहीतरी टकटक आपटत होतं.

"अरे अरे, हलवू नक्को," नजमाबी म्हणाली. "कॅमेऱ्याला लाव. कॅमेरा चालू कर. आता हळूच तिरपी कर."

अप्पारावनं केली. आवाज बंद.

"कुठं गेलं?" तो.

"कुठं जातंय? हिच्यात चाक नाय, स्क्रू नाय. नुसता लोहचुंबक अन् तारेचं वेटोळं. वीज आली की चुंबक भिंगाला अधांतरी धरून ठेवतो, पुढं-मागं सरकवतो. वीज गेली की सोडून देतो. झोपलेल्या माणसाचा हात कसा लोंबतो, तसं. हलकी, जलद, बिनआवाजाची जात हाय ही. तुला व्हिडिओला चांगली. नेताना गुंडाळून ने, बस."

"म्हंजे नादुरुस्त नाय?"

"लेन्स नाय."

अप्पाराव हसला, काय देऊ विचारलं. "चहा घे अन् जा," नजमाबी म्हणाली. तो गेला. काकासाहेबांना वाटलं, आपला विषय निघेल. निघाला नाही. ती दुसऱ्या एका लेन्सला लागली. घर्रर्र, चिर्र, घर्रर्र. आवाज ओळखीचा होता, स्वस्तातल्या लेन्सचा.

"ही कशी माहितीय का काका?" ती न बघताच म्हणाली. "रसवंती. इवलीशी मोटर, तिला चाकाला चाक, चाकाला चाक, अन् शेवटी ऊस. इथं उसाच्या जागी भिंग. चाकं प्लास्टिकची. एक दात तुटला की नुसती बोंब. पण गरिबाची हाय, दुरुस्त व्हती."

"अन् मपल्या पहिल्या कॅमेऱ्याची?" काकासाहेबांना बोलायला विषय हवाच होता. "तिच्यात तर मोटरच नव्हती म्हणं."

"नव्हतीच. तुमच्या ट्रॅक्टरच्या मागं रोटाव्हेटर असतो, त्याला कुठं इंजिन असतं? ट्रॅक्टर फिरवतो, तो फिरतो. तसं कॅमेऱ्याच्या पोटातली मोटर लेन्सचा स्क्रू फिरवायची. म्हणून तर नव्या कॅमेऱ्याला ती लेन्स लावली की मुकी. ट्रॅक्टरला ती दांडीच नाय."

काकासाहेब फुलंब्रीकडच्या खेड्यातले. रोटाव्हेटर म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला. नजमाबीचं हेच मोठं होतं. माणूस बघायची अन् त्याच्या घरातली वस्तू काढून त्याच्या हातात द्यायची. एकदा लेझीम शिकवणाऱ्या मास्तरला तिनं मोजून पावलं टाकणारी मोटर समजावली होती. ही सरसर पळत नाही, टप टप टप नेमकी पावलं टाकते, अन् सांगाल त्या पावलावर थांबते, म्हणून चित्रण करताना दृश्य झटका खात नाही. मास्तर म्हणे घरी जाऊन बायकोला शिकवायला लागले.

"मग ही? टॉवेलातली?" काकासाहेबांनी हळूच विचारलं.

आता नजमाबीनं भिंगासकट मान वर केली. "ही सगळ्यांत निराळी. हिच्यात चाकाला दातच नायत. दोन कड्या. एकीवर एक दाबून बसवलेल्या. खालच्या कडीला विजेनं थरथर सुटती, इतकी बारीक की कानाला ऐकू येत नाय. ती थरथर कडीवरून गोल गोल पळती, अन् तिच्या जिवावर वरची कडी सरकती. मळणी यंत्राची चाळण पाहिली असंल तुम्ही. चाळण हादरती, अन् दाणे कोणी न ढकलता पुढं चालत्यात. तसं. म्हणून ही गप अन् जलद. पण सगळा खेळ पकडीचा. कडीनं कडीला धरलं तर चाललं. सुटली पकड, की चिखलातलं ट्रॅक्टरचं चाक. थरथरतंय, फिरायची हौस हाय, पण जागच्या जागी."

मग तिनं विचारलं, "चिखल कशानं झाला, काका?"

काकासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. वय सहासष्ट, मिशा पांढऱ्या, गारखेड्यात चार माणसं उठून रामराम घालतात, अन् हा माणूस शाळेतल्या पोरासारखा चप्पल बघत बसला.

"नजमाबी... दोन थेंब घातले."

"कशाचे?"

"बायकोच्या शिलाई मशिनीचं तेल. किरकिरायली ना ती! आपल्या घराण्यात किरकिरलं की तेल, हेच शिकवलं. गाडीच्या चाकाला वंगण, मोटेच्या कप्पीला वंगण, पंपाला वंगण. म्हटलं, कोरडी पडली असंल बिचारी. सुईनं फटीत सोडले. दोन थेंब." मग खरं बोलायला बसलाच होता म्हणून, "चार."

नजमाबी रागावली नाही. स्टुलावरून उतरली अन् वरच्या रांगेतून एक पेढ्यांचं खोकं काढलं. आत काळी पडलेली एक कडी.

"ही जालन्याच्या स्टुडिओवाल्याची. पहिली लेन्स जमली म्हणून त्यानं दुसरी दिली, तुमच्या ह्या लेन्सच्या जातीची. अडखळत होती. अब्बा म्हणायचे, तेलाशिवाय चाक नाय. मीपण घड्याळजीची लेक. सोन्याच्या थेंबासारखं घड्याळाचं तेल, सुईच्या टोकावर घेतलं, लावलं. लई प्रेमानं मारली तिला."

"मग? तो काय बोलला?"

"रात्रभर म्हटलं, सांगू का नक्को. सकाळी फोन केला. म्हटलं, भाऊ, तुमची लेन्स माझ्या हातानं गेली. तो म्हणला, ठेव तुझ्यापाशी, हिच्यावर शीक." तिनं खोकं बंद केलं. "दोन वर्षं शिकले हिच्यावर. म्हणून मी आधी विचारते. खोटं बोललेलं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. पण खोटं ऐकून मी चुकीच्या जागी हात घातला, तर लेन्स जाती. आता सांगा, कवा पायजे?"

"रविवारी. दुपारी तीनला." अन् मग काकासाहेबांनी सगळंच सांगितलं. संस्कृती, पुणे, पिवळा पट्टा.

नजमाबीनं पुन्हा लेन्सच्या आत पाहिलं. "शनिवारी संध्याकाळी या. नवी कडी मागवली तर दहा दिवस. तेवढे नायत. हीच धुवून बघते. शब्द देत नाय."

घरी दगडाबाई दारातच उभ्या. हातात तेलाची उघडी कुपी.

"माझ्या मशिनीचं तेल?"

काकासाहेब एका दिवसात दुसऱ्यांदा खरं बोलले.

"फोटोच्या भिंगाला?" दगडाबाई म्हणाल्या. "मग बरंच हाय की. लोकांची तोंडं तरी तुकतुकीत येतील."

शनिवारी काकासाहेब तासभर आधीच पोचले अन् बाकावर बसून पाहत राहिले. नजमाबीनं लेन्स खोलली होती. पांढऱ्या कापडावर स्क्रू ओळीनं, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं. दोन्ही कड्या स्पिरिटनं धुतलेल्या, पुन्हा धुतलेल्या. कागदाचा तुकडा कडीवर फिरवायचा, दिव्याशी धरायचा, फेकायचा, नवा घ्यायचा. असे सत्तर-ऐंशी तुकडे खाली पडलेले. वर जो तेलाचा लवलेश भिंगांमधल्या, उजेड कमी-जास्त करणाऱ्या पडद्याच्या पात्यांवर गेला होता, तोही तिनं एकेक पातं सुटं करून पुसला होता. एका स्क्रूला पाव फेरा द्यायचा, थांबायचं, पुन्हा पाव फेरा. शेवटी तिनं काकासाहेबांच्याच कॅमेऱ्याला लेन्स लावली, रस्त्यापलीकडच्या फळगाड्यावर रोखली अन् बटण दाबलं.

पेरू दिसले. एकदम. एकेक डाग दिसला.

काकासाहेबांनी हात जोडले. नजमाबीनं ते खाली करायला लावले.

"आधी ऐका. वरच्या कडीच्या पोटाला एक पातळ अस्तर असतं. त्यानं तेल प्यायलंय. वरचं मी काढलं, आतलं निघत नाय. लेन्स थंड हाय तोवर चालंल. तापली की अस्तर घाम सोडंल, अन् सुटंल पकड. अर्धा तास चालंल का तासभर, मला माहीत नाय. सोमवारी परत आणा, कडी मागवते."

दुसरा कोणी असता तर पेरू दाखवून मोकळा झाला असता.

रविवारी क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. शिट्ट्या, ढोल, पोरींच्या आया. पहिल्या डावात लेन्स अशी पळाली की काकासाहेबांना तरुण झाल्यासारखं वाटलं. समोरच्या संघाच्या पोरी, पंच, प्रशिक्षक, सगळे लख्ख. फक्त संस्कृती बचावाला लवकर बाद झाली, पाठलागाला पलीकडच्या टोकाला खेळली, अन् त्यांच्या लेन्ससमोर आलीच नाही. मध्यंतरानंतर शेवटचा पाठलाग तिच्या संघाचा. काकासाहेबांनी बटण दाबलं. समोरचं दृश्य जरासं सरकलं, थांबलं, परत धूसर झालं. पुन्हा दाबलं. काही नाही. लेन्सचं नळकांडं हाताला कोमट लागत होतं.

त्यांनी फोन लावला. "नजमाबी! सुटली पकड!"

"किती वेळ राहिलाय?"

"आठ मिनिटं! पोरगी पळायली, मी हातानं लेन्सवरचं कडं फिरवायलो, पण ती माझ्या हाताच्या पुढं जायली!"

"तिच्या मागं पळू नका. तुम्ही सहासष्टचे, ती सतराची. काका, मैदानात न पळणारं काय हाय?"

काकासाहेबांनी पाहिलं. नऊ जणी पळत होत्या, उठत होत्या, बसत होत्या. "खांब," ते म्हणाले. "दोन्ही टोकाला खांब."

"ती खांबाशी सूर मारती का?"

"तिचा तोच डाव हाय!"

"मग हातानं कडं फिरवून खांब लख्ख करा. अन् मग कड्याला शिवू नका. तिला तुमच्याकडं येऊ द्या. ठेवा फोन."

काकासाहेबांनी कडं फिरवलं. खांबाच्या लाकडाची रेघ न् रेघ दिसेपर्यंत फिरवलं, अन् हात काढून घेतला. मग उभे राहिले. पळापळ चालली होती, लोक ओरडत होते, शेजारचा म्हणाला, "काका, काढा की फोटो!" काकासाहेब हलले नाहीत. एक मिनिट गेलं, दोन गेली. सहाव्या मिनिटाला पलीकडून खो ऐकू आला, धूसर पिवळा पट्टा उजवीकडून यायला लागला, मोठा झाला, एका हातानं खांब धरला, अन् धुरातून बाहेर यावी तशी संस्कृती आख्खीच्या आख्खी समोर आली. जमिनीला समांतर, दुसरा हात लांब. काकासाहेबांनी बटण दाबलं.

सामना एका गुणानं गेला. संस्कृती रडून मोकळी झाली, मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावली.

"आबा, ही मी?"

"मग कोण? भूत?"

दगडाबाईंनी नाकावरचा चष्मा सावरून पाहिलं. "तोंड मिटून उडी मारायला काय होतं गं तुला?" म्हणाल्या, अन् तो फोटो दोन प्रतींत छापा असंही म्हणाल्या.

सोमवारी काकासाहेब लेन्स अन् एक प्रत घेऊन उस्मानपुऱ्यात गेले. नजमाबीनं लेन्स बाजूला ठेवली. फोटो दिव्याखाली धरला, डोळ्याचं भिंग नीट केलं, अन् कोपऱ्यापासून सुरुवात करून सगळा पाहिला. पोरीच्या चेहऱ्यावर ती फारशी थांबली नाही. लांब झालेल्या हाताशी येऊन थांबली. तो हात पुढच्या पोरीच्या पाठीला जेमतेम टेकला होता, अन् हवेत आडवी असतानाही त्याची पाचही बोटं सुटी, हलकी, कुठंच ताठलेली नव्हती.

"काका," ती म्हणाली, "एवढ्या जोरात येऊन इतकं हळू शिवलं हिनं. असा हात स्क्रू सांडत नाय." मग पुन्हा एकदा पाहून, "पुण्याहून सुट्टीला आली की पाठवा इकडं. एक लेन्स खोलून दाखवते तिला."